दस्तक नसलेले खेळ

लोणावळ्याला लागून असलेल्या वळवणला १७१४ च्या सुरुवातीला बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे समोरासमोर बसले. बोलणी जमली. कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले, सरखेलपद आणि किल्ल्यांची मोठी रांग त्यांच्याकडे राहिली. त्या रांगेत आमच्या मावळच्या माथ्यावरचा राजमाचीही होता. हा प्रसंग मला आठवतो तो एका शब्दापायी. तो शब्द म्हणजे दस्तक. आंग्र्यांच्या समुद्रातून जायचे तर त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, विकत घ्यायचा. तो जवळ असला की जहाज सुखरूप जाई, नसला की पकडले जाई. इंग्रजांनी तो घ्यायला नकार दिला आणि कागदोपत्री कान्होजींना चाचा म्हटले. कान्होजींच्या लेखी विनापरवाना फिरणारे इंग्रजच गुन्हेगार होते.

त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी याच घाटमाथ्यावर दुसऱ्या एका दस्तकाची गोष्ट घडली. ती घरातल्या टीव्हीवर खेळायच्या खेळांची होती, म्हणून इतिहास म्हणून तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

मी कामशेतचा. १९९२-९३ च्या सुमारास आमच्या आळीत पहिला ‘टीव्ही गेम’ आला. तो शेजारच्या काकांनी मुंबईहून आणला होता. दोन रिमोट, बदके मारायची एक पिस्तूल आणि एक पिवळी कॅसेट एवढे सामान. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले होते. यादी खाली सरकवत गेलो की मारिओ, काँट्रा, बदके, रणगाडे, पुन्हा मारिओ, पुन्हा रणगाडे. खरे खेळ पंधरा-वीसच होते, बाकी सगळी त्यांचीच नावे बदलून केलेली पुनरावृत्ती. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत खुपसायची. ही वस्तू नकली आहे, हे आमच्या आळीत कुणाच्या मनातही आले नाही. अस्सल कशी असते ते कुणी पाहिलेलेच नव्हते.

अस्सल वस्तू होती जपानमधल्या क्योतोची. निन्टेन्डो ही मूळची पत्ते छापणारी कंपनी. तिने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र विकायला काढले. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. अटारी कंपनीच्या यंत्रासाठी कुणीही उठावे आणि खेळ काढावा अशी स्थिती होती. वाईट खेळांनी दुकाने भरली आणि गिऱ्हाईक विटले. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाबाहेर जमिनीत पुरला. १९८५ मध्ये निन्टेन्डो अमेरिकेत उतरली ती हे सगळे पाहूनच. तिकडच्या यंत्रात तिने एक छोटी चिप बसवली आणि तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये घातली. यंत्र सुरू झाले की दोन्ही चिपा एकमेकींशी ठरावीक खुणेने बोलू लागत. खूण जुळली नाही तर यंत्र सारखे बंद-चालू होत राही. ही चिप फक्त निन्टेन्डोकडून मिळे. ज्याला खेळ विकायचा आहे त्याने कॅसेटी तिच्याकडूनच बनवून घ्यायच्या, पैसे आधी भरायचे आणि वर्षाला पाचपेक्षा जास्त खेळ काढायचे नाहीत.

दस्तकच होते ते. नकलेला आळा बसला हे खरे, पण कोण विकणार, किती आणि कितीला, याची किल्लीही निन्टेन्डोच्या हातात गेली. माझ्या मते ‘अँटी-पायरसी’ या शब्दामागची ही दुसरी बाजू सगळ्यात कमी सांगितली जाते. अटारी गेम्सने ही चिप फोडायचा प्रयत्न केला. खटल्यासाठी हवा आहे असे सांगून तिने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून त्या चिपेच्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली, तीवरून आपली चिप बनवली आणि १९९२ मध्ये न्यायालयात तिच्या विरुद्ध निकाल गेला.

मावळात पोचलेल्या यंत्रांना हे कुलूप नव्हतेच. जपानी फॅमिकॉममध्ये ती चिप कधी घातली गेली नव्हती. फॅमिकॉमची कॅसेट साठ पिनांची, अमेरिकेतली बहात्तर पिनांची. साठ पिनांच्या मोकळ्या दारातून तैवानच्या कारखान्यांनी आत शिरून नकला काढल्या आणि त्या रशियापासून भारतापर्यंत पसरल्या. आपल्याकडे त्या ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांनी मिळत.

अस्सल माल परवडला असता तर चित्र वेगळे झाले असते का? त्याचा एक प्रयोग झाला. एप्रिल १९९५ मध्ये जपानच्याच सेगा कंपनीने शॉ वॉलेसशी करार केला. आपल्याकडे शॉ वॉलेस मद्यासाठी ओळखली जाई. आयात मालावरचे ऐंशी टक्के शुल्क टाळायचे, हा त्यामागचा हेतू होता. तरीही यंत्राची किंमत ठरली १८,००० रुपये. त्या काळी आमच्या आळीतल्या बऱ्याच घरांचा हा काही महिन्यांचा पगार होता. नकली यंत्र त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळे. निर्णय घ्यायला कुणाला वेळ लागला नाही.

पुढची पायरी संगणकाची. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. डॉस आणि लोटस शिकायला गेलेली मुले शेवटची पंधरा मिनिटे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत. १९८९ च्या या खेळातले कुलूप मोठे देखणे होते. पहिली पातळी संपली की राजपुत्र एका दालनात येई. तिथे अक्षरांखाली विषाचे आणि अमृताचे प्याले मांडलेले असत. खेळासोबतच्या छापील पुस्तिकेत सांगितलेल्या पानावरच्या सांगितलेल्या शब्दाचे पहिले अक्षर ज्याला ठाऊक, तोच योग्य प्याला पिऊन पुढे जाई. पुस्तिका फ्लॉपीत कॉपी होत नाही, ही त्यामागची कल्पना. पण पुस्तिकेची झेरॉक्स निघतेच, आणि थोड्याच दिवसांत ते दालन वगळलेल्या फ्लॉप्याही फिरू लागल्या.

या फ्लॉप्यांबरोबर व्हायरसही फिरले. १९८६ चा ‘ब्रेन’ हा व्हायरस तर लाहोरच्या दोन भावांनी आपल्या वैद्यकीय प्रोग्रॅमची नक्कल कोण करतो ते कळावे म्हणूनच लिहिला होता. कुलूप म्हणून जन्मलेली गोष्ट रोग बनून जगभर गेली. पुण्यात त्या रोगावर धंदा उभा राहिला. साताऱ्याकडच्या रहिमतपूरहून आलेले, कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि त्यांचे प्रोग्रॅम लिहिणारे धाकटे बंधू संजय यांचे ‘क्विक हील’ १९९५ च्या सुमारास बाजारात आले. ज्या गिऱ्हाइकाचा सारा संगणक कॉपी केलेल्या मालाने भरलेला आहे, त्याच्याच दारात त्यांना अस्सल सॉफ्टवेअर विकायचे होते. त्यांनी किंमत आपल्या बाजाराची ठेवली आणि विक्री संगणक दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसामार्फत केली. डब्यात एक क्रमांक असे, तो टाकल्याशिवाय रोजची नवी लस मिळत नसे. नक्कल केलेला अँटीव्हायरस आठवड्यात शिळा होई. विकायची वस्तू फ्लॉपीत नव्हती, ती रोजच्या सेवेत होती. जगातल्या गेम कंपन्यांना हे उमगायला आणखी दहा वर्षे लागली. क्विक हील फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली.

गेमचा खरा पूर आला सीडीबरोबर. एका सीडीत साडेसहाशे-सातशे एमबी मावत आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सीडी रायटर दुकानांत पोचले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा उगम आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हा आमचा घाट. कामशेतहून सकाळची लोकल पकडायची, शिवाजीनगरला उतरायचे, शनिवारवाड्यावरून चालत पासोड्या विठोबापाशी यायचे. तिथे जाड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सीड्यांची मुखपृष्ठे लावलेली असत. बोट ठेवले की पोऱ्या आत जाऊन प्रत आणी. शंभर-सव्वाशे रुपये. तोच खेळ अस्सल घ्यायचा तर हजार-दीड हजार, आणि तोही मिळाला तर. परतीच्या गाडीत तळेगावपर्यंत तीच चर्चा: हिच्यात शेवटची पातळी चालते का, सीरियल नंबर पाकिटाच्या आत लिहिलाय का. घरी येऊन सीडी चालली नाही तर बदलून घ्यायला पुन्हा तिकीट काढायचे.

कायदा नव्हता असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्त्या १० मे १९९५ पासून लागू झाल्या. जाणूनबुजून नकली संगणक प्रोग्रॅम वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. त्यात विकणाऱ्याबरोबर वापरणाराही आला. म्हणजे कागदावर आमची अख्खी इयत्ता दहावी ‘अ’ तुरुंगात जाण्याजोगी होती. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नॅसकॉम या संघटनेने देवांग मेहतांच्या काळात चाचेगिरीविरुद्ध मोहीम चालवली, छापे पडले, पण रोख मुख्यतः कंपन्यांच्या कचेऱ्यांवर आणि मोठ्या विक्रेत्यांवर होता. २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याच्या कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ हा नवा वर्ग घातला. त्यामागे चित्रपट उद्योगाची मागणी होती. छाप्याच्या दिवशी फोल्डर गायब होत आणि आठवड्याने परत येत. मुंबईतल्या हिरा-पन्ना बाजाराचे नाव अमेरिकी सरकारच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत २०२१ मध्येही होते.

हे थांबत का नव्हते, याचे उत्तर हिशेबात आहे. खेळ बनवायला कोट्यवधी लागतात, दुसरी प्रत काढायला मात्र सीडीचे पंधरा रुपये. बनवणाऱ्याला खर्च भरून काढायला किंमत लावावीच लागते, आणि ती किंमत डॉलरमध्ये कमावणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहून ठरलेली असते. नक्कल करणाऱ्याला भरून काढायला काहीच नसते. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सच्या अंदाजाप्रमाणे २००३ मध्ये भारतातल्या संगणकांवरचे ७३ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते, २०१७ मध्ये ५६ टक्के. हे आकडे उद्योगाने स्वतःच काढलेले आणि सगळ्याच सॉफ्टवेअरचे आहेत. पण प्रत्येक नकली प्रतीमागे एक विक्री बुडाली असे धरून नुकसान मोजणे मला पटत नाही. शंभर रुपये घेऊन लोकलने आलेला मुलगा दीड हजाराचे गिऱ्हाईक कधीच नव्हता. तो गिऱ्हाईक होऊ शकत होता दोनशेचा, आणि दोनशेची वस्तू कुणी मांडली नव्हती.

पोलंडमध्ये मांडली गेली. तिथेही बाजार नकली सीड्यांनी भरलेला होता. त्याच बाजारात सीड्या विकत वाढलेल्या दोन तरुणांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ आणला तो संपूर्ण पोलिश भाषेत, नामवंत नटांच्या आवाजात आणि नकाशा घातलेल्या भरगच्च डब्यात. किंमत अशी ठेवली की रस्त्यावरच्या पाच नकली सीड्या घेण्यापेक्षा डबा घ्यावासा वाटावा. लोकांनी तो घेतला. त्याच पैशांतून पुढे ‘विचर’सारखे खेळ बनवणारी कंपनी उभी राहिली. मराठीची माणसे पोलिश बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी मराठीत बोलणारा मोठा परदेशी खेळ त्या वर्षांत तपकीर गल्लीच्या कुठल्याही फोल्डरमध्ये माझ्या पाहण्यात आला नाही.

आपल्याकडे थोडेफार प्रयत्न झाले ते सोनीचे. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये १९,९९० रुपयांपासून आणि सोनीचे प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आले, तेव्हा घराघरांत होते ते जुने प्लेस्टेशन २. त्यातही चिप बसवून नकली सीड्या चालवायची सोय गल्लीतच होई. सोनीने त्याच जुन्या यंत्रासाठी भारतीय विषयांचे, कमी किमतीचे खेळ बनवून घेतले: २००९ मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’, नंतर मुंबईच्या ट्राइन कंपनीचे ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणि ‘रा.वन’. दिशा बरोबर होती. खेळ मात्र कच्चे होते, आणि जगातले उत्तम खेळ शंभर रुपयांत चाखलेल्या मुलांना तो कच्चेपणा लगेच कळे.

त्याच वर्षांत तिकडे कुलपे जड होत चालली होती. सप्टेंबर २००८ च्या ‘स्पोर’ला तीनच संगणकांवर चालू करायची मुभा होती, आणि त्या वर्षी सगळ्यात जास्त नक्कल झालेला खेळ तोच ठरला. २०१० मध्ये युबिसॉफ्टने संगणकावरच्या ‘असॅसिन्स क्रीड २’ला इंटरनेट सतत जोडलेले असण्याची अट घातली. मार्चमध्ये कंपनीचाच सर्व्हर बसला आणि पैसे मोजलेल्यांचेच खेळ बंद पडले. पुढे ज्यांनी नक्कल मिळवली त्यांना ही अडचण आली नाही. मावळातल्या गावांत तेव्हा भारनियमनाचे तास वर्तमानपत्रात छापून येत. वीज आली की आधी पाण्याची मोटर, मग दळण, मग उरलेल्या वेळात संगणक. अशा घरात अखंड जोडणी मागणारा खेळ विकत घेणे म्हणजे न वापरता येणाऱ्या वस्तूला पैसे देणे. आमच्या मित्रांपैकी एकाने पहिल्या पगारातून अस्सल डबा घेतला होता. दुकानदाराने तो परत घेतला नाही. तो पुन्हा तपकीर गल्लीत गेला.

कोंडी फुटली ती किंमत आणि सोय एकाच वेळी बदलल्यावर. व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम’ हे ऑनलाइन दुकान २००३ पासून होते, पण तिथे डॉलर आणि परदेशात चालणारे कार्ड लागे. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत भाव दिसू लागले आणि बरेच खेळ अमेरिकेपेक्षा पुष्कळ स्वस्त झाले. वर्षभरात, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ आले. त्याच वर्षी यूपीआयही आले. दीडशे-दोनशे रुपयांचा जुना खेळ सेलमध्ये फोनवरून घ्यायचा आणि रात्री झोपताना डाउनलोडला लावायचा, हे लोकलच्या तिकिटापेक्षा आणि व्हायरसच्या भीतीपेक्षा सोपे ठरले. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल २०११ मध्ये म्हणालेच होते की चाचेगिरी हा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न आहे. आमच्याकडे तो दोन्हींचा होता. तपकीर गल्लीतले फोल्डर कुणी जप्त केले म्हणून संपले नाहीत, त्यांना गिऱ्हाईक उरले नाही.

पण मोठा बदल संगणकावर घडलाच नाही. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि कामशेत स्टेशनच्या बाकावर, लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानांमागे, तळेगावच्या कॉलेजच्या कट्ट्यावर पोरे चौघा-चौघांच्या टोळ्यांनी खेळू लागली. खेळ फुकट, पैसे कपड्यांचे आणि बंदुकीच्या रंगांचे. फुकट वस्तूची नक्कल कोण करणार? आणि करायची म्हटली तरी खेळ होता दूरच्या सर्व्हरवर. पस्तीस वर्षे ज्याच्या मागे उद्योग धावत होता ते परिपूर्ण कुलूप अखेर सापडले होते.

त्याची किंमत मात्र खेळणाऱ्याने मोजली. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. त्याचा भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला, २८ जुलै २०२२ ला दुकानांतून नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती, त्यांत मी शिरत नाही. पण पैसे खर्चून जमवलेली चीजवस्तू एका सकाळी हाताबाहेर गेली, हे पोरांनी अनुभवले. काकांची पिवळी कॅसेट नकली होती, पण ती आमची होती. मागच्या गणपतीत मी ती लावून पाहिली. फुंकर मारल्यावर चालली.

या साऱ्या काळात पुण्यात खेळ बनवणारे मूठभर लोक होते, आणि मला त्यांची आठवण जास्त येते. कारण नक्कल स्वस्त असलेल्या गावात पहिला तोटा गावातल्याच कारागिराचा होतो. परदेशी कंपनीला आमचे शंभर रुपये न मिळाल्याने काही बिघडले नाही. इथल्या मुलाला मात्र खेळ बनवून पोट भरता येईल असे कुणी सांगितले नाही, कारण खेळासाठी पैसे मोजताना कुणी दिसतच नव्हते.

२०१७ मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा खेळ बनवायला घेतला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, राजस्थानी महालांसारखी दालने, पहाडी चित्रशैलीतली दृश्ये. लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवले. पुढे परदेशी प्रकाशक मिळाला. २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत ‘राजी’चे नामांकन झाले.

संगणकावर आणि इतर यंत्रांवर ‘राजी’ ऑक्टोबर २०२० मध्ये पोचला. पण सगळ्यात आधी, १८ ऑगस्टला, तो निघाला तो निन्टेन्डोच्या ‘स्विच’वर. क्योतोच्या त्याच कंपनीचे रीतसर दस्तक त्याला मिळाले होते. स्विच मात्र तेव्हा भारतात अधिकृतपणे विकला जात नव्हता. पुण्यात बनलेला खेळ पुण्यात सगळ्यात आधी खेळायचा, तर दुबई-सिंगापूरहून कुणाच्या बॅगेतून आलेले यंत्र शोधावे लागे, आणि त्यासाठी पुन्हा त्याच गल्ल्यांची वाट धरावी लागे.